बाई आल्या

मला विशेष शिक्षिका व्हायचं होतं. वारलेली शिक्षिका होण्याचा माझा काडीइतकाही विचार नव्हता. पण बालवाडीच्या दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच तिथल्या लोकांनी मला त्या यादीत टाकलं, आणि त्यातून बाहेर पडता पडता माझ्या नाकी नऊ आले.

आमच्या अभ्यासक्रमाचं नाव 'विशेष शिक्षण आणि पूर्वबाल्य शिक्षण पदविका'. हे एका दमात म्हणता येतं का, एवढीच प्रवेशाची अट असावी, कारण त्रेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, मला तिथे बिनबोभाट घेतलं. खरी अडचण आत गेल्यावर कळली. आमच्या मार्गदर्शक बाई सगळं कुजबुजत बोलतात. "लहान मुलांचे कान म्हणजे फुलाच्या पाकळ्या," असं त्या पहिल्याच तासाला म्हणाल्या, आणि हे वाक्य शेवटच्या बाकापर्यंत पोचायला मधल्या तीन मुलींना ते एकमेकींच्या कानात सांगावं लागलं. वर्गात त्यांचं नाव कुजबुजबाई पडलं.

माझा आवाज मूळचाच खणखणीत. मी घरात "अहो" म्हटलं की समोरच्या बिऱ्हाडातले काकाही "काय गं" म्हणून बाहेर येतात. कुजबुजबाईंनी मला भर वर्गात उभं केलं आणि (कुजबुजत) म्हणाल्या, "तुमच्याकडे तळमळ आहे. फक्त तो आवाज घरी ठेवून येत जा." अपमान गिळून मी तो घरी ठेवला. घरीही वापरला नाही. पुढचे तीन महिने मी भाजीवाल्याशीसुद्धा हळू बोलले आणि दर वेळी मागितलेली सोडून दुसरीच भाजी घेऊन परतले.

सत्राच्या शेवटी प्रत्येकीला एका बालवाडीत पाठवतात. एकवीस दिवस, एक मूल, एक निरीक्षण वही. मुलाला शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं.

माझ्या वाट्याला आलेली बालवाडी एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. जिना संपला की लांबच लांब ओसाड गॅलरी, खाली लाकडी फळ्यांची जमीन, आणि टोकाला एक बंद दार. मी फळ्या करकरवत त्या दारापर्यंत गेले आणि ते ढकललं.

आत सगळे माझ्याकडे बघत होते. दार उघडल्यावर वळून बघतात तसे नव्हे. आधीपासूनच बघत होते. मुख्याध्यापिका, ज्यांना तिथे मोठ्या मॅडम म्हणतात, त्यांच्या हातातला खडू हवेत राहिला होता. मदतनीस मावशींच्या हातात वाट्यांची चळत होती. मला पाहिलं आणि त्यांनी ती सोडून दिली.

तीस-चाळीस वाट्या लाकडी जमिनीवर पडतात तेव्हा काय होतं ते मी सांगत नाही. बारा मुलं एकदम दचकली, त्यातली निम्मी रडायला लागली. कोपऱ्यात एक तेरावी मुलगी बसली होती, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून. ती दचकली नाही. तिची मानसुद्धा हलली नाही. फक्त तिची बोटं फळीवर जरा पसरली.

"ताई, तुम्ही कोण?" मावशींनी विचारलं. त्यांचा आवाज माझ्यापेक्षाही बारीक निघाला.

"निरीक्षणासाठी आलेय," मी कुजबुजले.

नंतर, सगळ्या वाट्या गोळा झाल्यावर, मावशींनी मला गॅलरीत नेऊन सांगितलं. मी दार ढकलायच्या आधी, कुणाला काही दिसायच्या आधी, ती कोपऱ्यातली मुलगी म्हणाली होती, "बाई आल्या."

"मग? आलेच होते की मी."

"ताई, ती मला मावशी म्हणते, मोठ्या मॅडमना मॅडम म्हणते. 'बाई' फक्त थोरल्या बाईंना म्हणायची. तीस वर्षं हा वर्ग त्यांनीच चालवला." मावशींनी पदर तोंडाशी धरला. "आठ महिने झाले त्यांना जाऊन. तेव्हापासून हिने 'बाई आल्या' म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. आणि दार उघडलं."

मी हसायचा प्रयत्न केला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याही अशाच भरीव होत्या."

भरीव! पहिल्या दिवशीचं हे पहिलं निरीक्षण माझ्या वहीत नाही, पण माझ्या मनात ते अजून आहे.

त्या मुलीला सगळे ठकी म्हणत. पाच वर्षांची, वाटोळ्या चेहऱ्याची, लाकडाच्या बाहुलीसारखी स्थिर. कुणी दाराकडे येत असलं की दार उघडायच्या आधी ती कोण येतंय ते सांगायची, आणि ते खरं निघायचं. बाकीची मुलं तिच्यापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसत. मोठ्या मॅडमनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुम्ही हीच मुलगी घ्या," त्या म्हणाल्या. "पालकांच्या तक्रारी आहेत. मुलं घरी जाऊन सांगतात, ठकी मेलेल्या बाईंशी बोलते. तुमचा अहवाल आला की तो जोडून मी हिचं नाव कमी करणार आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहा."

म्हणजे माझ्या पहिल्यावहिल्या अभ्यासाचा उपयोग एका पाच वर्षांच्या पोरीला बाहेर काढण्यासाठी होणार होता. मी मान डोलावली. का डोलावली ते विचारू नका. मोठ्या मॅडमपुढे माझी मान आपोआप हलते.

दुसऱ्या दिवशी परिचय प्रश्नावली भरायची होती. मी ठकीसमोर मुलांच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची माझ्यासाठी नव्हती हे तिने लगेच दाखवलं. मी उठले तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली, आणि मावशींनी मागून ओढून ती सोडवेपर्यंत बारा मुलांनी मनसोक्त दर्शन घेतलं. मग मावशींनी एका मोठ्या लाकडी खुर्चीकडे बोट दाखवलं. ती ठकीच्या कोपऱ्याजवळच होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, का ते मला ठाऊक होतं, पण पर्याय नव्हता. ती खुर्ची माझ्या मापाची निघाली. अगदी मापाची. याचा मला आनंद झाला नाही.

"तुझं नाव काय?" मी अभ्यासक्रमात शिकवलेल्या आवाजात विचारलं.

ठकीने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. तिथून काहीतरी बाहेर पडणार आहे अशा नजरेने.

"दोन," ती म्हणाली.

"घरी कोण कोण असतं?"

"लाल."

"तुला काय आवडतं?"

"म्याँव."

"कुठे राहतेस तू?"

"पाण्यात."

प्रश्नावलीत पुढे काय आहे ते मला दिसेना. मी शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवून, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि इथे कोण बसतं?"

ठकी पहिल्यांदाच हसली.

"बाई."

तिसऱ्या दिवशी मी तेच प्रश्न विचारले. तीच उत्तरं आली. चौथ्या दिवशी मी खालून वर विचारले. पहिला प्रश्न, कुठे राहतेस? दोन. तुला काय आवडतं? लाल. मी काहीही विचारलं तरी उत्तरं आपल्या जागची हलत नव्हती. समोर मी बसले होते, पण ती मला उत्तरं देत नव्हती. तिला विचारणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते माझ्या अगदी जवळ, बहुधा माझ्याच खुर्चीत बसलेलं असावं, असा विचार मनात आला आणि मी उभं राहून निरीक्षण करायला लागले.

त्या वहीची पानं मी कुजबुजबाईंना दाखवली. त्यांनी लाल पेनाने एक ओळ खोडली. "'अंगावर काटा आला' असं निरीक्षणात लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "'निरीक्षकाच्या त्वचेत बदल आढळला' असं लिहा."

घरी सांगितलं तर ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता ऐकलं. मी अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना, जिना उतरता उतरता, ह्यांना त्याचा उलगडा झाला. तळमजल्यावरून ओरडून म्हणाले, "एवढा त्रास होतोय तर तू सरळ दुसरं मूल घे ना!"

आमच्या जिन्यात आवाज घुमतो. संध्याकाळपर्यंत चार बिऱ्हाडांतून माझं अभिनंदन झालं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी "या वयात जपायला हवं" असं सांगून माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. समोरच्या काकूंनी मात्र मला आत बोलावून खरं काय ते विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर एक लांबलचक लोखंडी खिळा आणून दिला.

"हा पर्समध्ये ठेव. लोखंडाला ती माणसं घाबरतात."

"काकू, मी शिक्षणशास्त्र शिकतेय."

"मग शिक्षणशास्त्राच्या पुस्तकाशेजारी ठेव."

शास्त्रीय दृष्टिकोन बाळगणाऱ्या माणसाने अशा वेळी काय करावं हे मला माहीत आहे. मी खिळा ठेवला. त्याने तिसऱ्याच दिवशी पर्सचं अस्तर फाडलं, आणि बसमध्ये शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना टोचून माझ्याबद्दल त्यांचा फार मोठा गैरसमज करून दिला.

आठव्या दिवशी मी ठकीच्या आईला गाठलं. बालवाडीच्या फाटकाबाहेर एका पत्र्याच्या टपरीत ती इस्त्रीचं काम करते. सदऱ्यांच्या ढिगामागून तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"घरी कशी असते ठकी?"

"ऐकत नाही," इस्त्री न थांबवता ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकत नाही. काही सांगा, ऐकतच नाही. आधी ओरडायचे, मग मारलं पण दोनदा." इस्त्री थांबली. "आता सांगायचंच सोडलंय. मी काम करते, ती बसते. लोक म्हणतात तिच्यात दुसरंच कोणी आहे. असेल बाई. माझ्याशी तर कुणीच बोलत नाही त्यातलं."

मी वहीत लिहिलं, 'आईच्या मते मूल ऐकत नाही.' वर्गाच्या नोंदवहीतही मोठ्या मॅडमच्या अक्षरात होतं, 'सूचना ऐकत नाही.' मावशी रोज म्हणायच्या, 'ऐकेल तर शपथ.' मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली, शेजारी 'शिस्तीचा प्रश्न' असं लिहिलं, आणि स्वतःवर खूश होऊन बस पकडली. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान मी कुणाला दाखवत नाही.

तेराव्या दिवसाची दुपार. मोठ्या मॅडम खाली कार्यालयात, मावशी पाणी भरायला. पडदे ओढलेले, बारा मुलं सतरंजीवर झोपलेली. ठकी एकटी जागी होती. ती पालथी पडली होती, गाल आणि दोन्ही तळवे जमिनीला लावून, माझ्याकडे पाठ करून. मी थोरल्या बाईंच्या खुर्चीत बसले होते. उभं राहून राहून गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, आणि भीतीपेक्षा गुडघे खरे.

"बाई आल्या," ठकी म्हणाली.

मी दाराकडे पाहिलं. गॅलरीत फळी वाजली नव्हती. दार उघडलं नाही. मी घड्याळ पाहून लिहिलं, एक वाजून चाळीस मिनिटं. अक्षर माझं वाटत नव्हतं.

"बाई आल्या." या वेळी जरा मोठ्याने. आणि ती वळली. दाराकडे नाही. माझ्या खुर्चीकडे, खुर्चीच्याही खाली.

मला खाली बघायचं नव्हतं. खुर्चीखाली काय असेल ते असो, मी ते निरीक्षणात लिहिणार नव्हते. पण मान गेलीच. खुर्चीखाली माझा उजवा पाय होता. आणि तो शिवणयंत्रासारखा थडथड हलत होता.

ही माझी जुनी खोड. मन थाऱ्यावर नसलं की पाय सुरू होतो. जेवताना पेल्यातलं पाणी हलतं म्हणून घरी रोज बोलणी खाते. मी पाय थांबवला. ठकीने गाल उचलला, काहीतरी हरवल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. मी पाय हलवला. तिचा तळवा फळीवर सपाट झाला. "आल्या." थांबवला. ती गप्प. हलवला. "आल्या."

ती ऐकत नव्हती. ती जमिनीतून ओळखत होती. फळ्यांवरून कोण कसं चालतं ते तिच्या तळहातांना पाठ होतं. मावशींची फरफट वेगळी, मॅडमच्या टाचा वेगळ्या, आणि थोरल्या बाईंची ती जड पावलं माझ्यासारखी. भरीव.

मी तिच्या मागे जाऊन हळूच हाक मारली. काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. जमिनीला स्पर्श होऊ न देता दोन वाट्या तिच्या डोक्यामागे एकमेकींवर आपटल्या. पलीकडे दोन मुलांनी कूस बदलली. ठकी जमिनीकडे बघत होती.

तेव्हा मी गुडघ्यांवर बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तीन महिने कोंडून ठेवलेला माझा आवाज सोडला.

"ठकी!"

पडदे हलले असं मावशी म्हणतात. बारा मुलं उठून एकसुरात रडायला लागली. खाली कार्यालयात कुणाचा तरी चहा सांडला. आणि ठकी सावकाश वळली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच डोळ्यांत. काही न बोलता तिने आपला कान पुन्हा माझ्यापुढे केला.

दार उघडं होतं. दारात कुजबुजबाई उभ्या होत्या. अचानक तपासणीसाठी आल्या होत्या. त्या काहीतरी म्हणत होत्या, पण बारा मुलांच्या रडण्यात ते मला ऐकू येईना. त्यांनी शेवटी वहीत लिहून दाखवलं, 'आवाजावर नियंत्रण नाही. गंभीर बाब.'

मी त्यांना सांगत होते की हिला ऐकू येत नाही, फार मोठा आणि अगदी कानाशी आला तरच आवाज पोचतो. पाणी टाकून धावत आलेल्या मावशी कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "हिला ऐकू येत नाही? अहो ताई, हिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं!"

खालून वर आलेल्या मोठ्या मॅडमनी नेमकं उत्तर दिलं. "तपासणीचा कागद आणा. अहवालाच्या दिवसापर्यंत आला तर बघू. नाहीतर नाव कमी."

कानाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, पण त्यासाठी बालवाडीचा अर्ज लागतो. मी तो भरून खाली कार्यालयात नेला. कारकून सांडलेला चहा पुसत होता, तेव्हा माझी ओळख त्याला झालेलीच होती.

"तक्रार काय?" त्याने अर्ज वाचला. "ऐकत नाही. मॅडम, ऐकत नाही तर रागवा. त्यासाठी दवाखाना कशाला?"

"ऐकत नाही म्हणजे ऐकू येत नाही!"

"मग तसं लिहा. आणि वर्गशिक्षिकेची सही कुठे?"

"त्या वारल्या."

त्याने एक जाडजूड नोंदवही काढली, बोट फिरवलं. "आमच्याकडे तशी नोंद नाही. इथे त्या रजेवर आहेत."

"कसली रजा?"

"अर्ज आलेला नाही, त्यामुळे विनापरवानगी. आल्या की त्यांना खुलासा द्यावा लागेल."

गेले पंधरा दिवस 'आल्या' हा शब्द ऐकून मी इतकी हळवी झाले होते की टेबलाची कड धरली. दुसऱ्या कुणाची सही चालेल का, असं मी विचारलं. चालेल, नव्या वर्गशिक्षिकेची. ती कधी नेमणार? जुन्या शिक्षिकेने वर्गाचा चार्ज दिला की. चार्ज म्हणजे काय? एक खुर्ची, पाट तेरा, आणि एक कुलूपबंद कपाट, आतल्या यादीसह. कपाटाची किल्ली थोरल्या बाईंच्या कमरेला असायची. ती त्यांच्याबरोबर गेली.

"शिवाय," कारकून माझा अर्ज दोन बोटांत धरून म्हणाला, "हा पांढरा नमुना बंद झालाय. मागच्या महिन्यापासून हिरवा. पांढरा दवाखान्यात घेतच नाहीत."

"मग हिरवा द्या."

"तो आमच्याकडे अजून आलेला नाही."

मी त्या दिवशी घरी जाऊन ह्यांच्यासमोर रडले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, हे नमूद करायला हवं. "कपाट फोडा ना," ते म्हणाले. "म्हणजे त्यांच्या भाषेत. समिती नेमून फोडा."

समितीसाठी मी तीन अर्ज केले. विसाव्या दिवशी दुपारी समिती वर्गात जमली: मोठ्या मॅडम, कारकून, आणि साक्षीदार म्हणून मावशी. मी अर्जदार. कुलूपवाला तासभर झटत होता. कुलूप आत-बाहेर गंजून एक झालं होतं. "हे कित्येक महिन्यांत कुणी उघडलेलं नाही," तो म्हणाला, आणि कारकुनाने ते पंचनाम्यात लिहून त्याची सही घेतली. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. ठकी तेवढी कपाटासमोर बसली होती, तळवे जमिनीवर ठेवून.

दार उघडलं तसा बंद कापडाचा आणि खडूच्या भुकटीचा वास आला. वरच्या कप्प्यात घडी घातलेला स्वेटर, मधल्यात ठोकळे, खालच्यात एक दैनंदिनी. कारकून यादी करत होता, 'स्वेटर एक, जुना.' मी दैनंदिनी उघडली. शेवटचं लिहिलेलं पान ठकीचं होतं. ठसठशीत अक्षर.

'रोजचे प्रश्न. डोळे किती? टोमॅटो कसा? मांजर कसं बोलतं? मासा कुठे राहतो? तुला कोण शिकवतं? पाचही बरोबर. फार हुशार. पण आज क्रम चुकून बदलला, तर उत्तरं जुन्याच क्रमाने आली. कानाशी मोठ्याने बोललं तरच वळते. पोरगी हुशारीने झाकून नेते आहे. कान तपासायलाच हवेत. अर्ज भरून ठेवते.'

म्हणजे दोन, लाल, म्याँव, पाण्यात, बाई. ती बिचारी मला पाठ केलेली उत्तरं देत होती, बाईंना आवडायची ती, शहाण्यासारखी, क्रमाने. आणि माझा शोध, ज्यावर मी मनातल्या मनात एक परिषदही गाजवून आले होते, तो आठ महिन्यांपूर्वीच लागून या कपाटात पडला होता. मला वाईट वाटलं. ठकीसाठी वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं माझ्यासाठीही वाटलं.

"अर्ज कुठाय?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

मी पान उलटलं. घडी घातलेला कागद खाली पडला. कारकुनाने तो उचलून उलगडला आणि खिडकीशी धरला. ठकीचं नाव, आईचं नाव, 'श्रवण तपासणीसाठी शिफारस', खाली थोरल्या बाईंची सही. तारखेची जागा कोरी.

कागद हिरवा होता.

"नवा नमुना आहे," कारकून म्हणाला. "चालेल."

मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"पण हा नमुना तर मागच्या महिन्यात…" मी म्हणाले. "आणि कपाट तर…"

"मॅडम," कारकून समजुतीने म्हणाला, "नमुना बरोबर, मजकूर बरोबर, सही मी नोंदवहीशी ताडून बघतो, तीही बरोबर निघेल. तारीख आजची घालू. आणखी काय हवंय तुम्हाला?"

मी विचार केला. आणखी काही नको होतं. कधी कधी नमुने आधी छापून ठेवतात, कुणीतरी आगाऊ प्रत बाईंना दिली असेल, असं नंतर मोठ्या मॅडम म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. नाव कमी करण्याचं पत्र मात्र त्यांनी त्याच दिवशी फाडलं, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे नव्हे, कपाटाकडे पाहिलं.

कुजबुजबाईंनी माझ्या अहवालावर शेरा दिला, 'निरीक्षण उत्तम. आवाज अनुत्तीर्ण.' मी पास झाले. काकूंचा खिळा परत केला तर त्या म्हणाल्या, "बघ, उपयोग झाला की नाही!"

दीड महिन्याने ठकीला ऐकायची यंत्रं बसवायचा दिवस आला. इस्त्रीची टपरी बंद ठेवून तिची आई आली होती. मला सोबत बोलावलं होतं. दवाखान्याच्या त्या छोट्या खोलीत भिंतींना जाड कापड लावलेलं होतं. आत गेलं की आपलाच आवाज आपल्यापासून तुटल्यासारखा वाटतो. तपासनीस बाईंनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली, एक बारीक कळ दाबली आणि आईला म्हणाल्या, "बोला तिच्याशी."

आईचे ओठ हलले नाहीत. इतक्या दिवसांत तिने सांगायचंच सोडलं होतं. ती माझ्याकडे वळली, घाबरून.

"काय बोलू?"

ठकी ताठ झाली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग उठून आपला तळवा त्यावर घट्ट ठेवला.

"काय बोलू गं हिच्याशी?" तळव्याआडून आई म्हणाली.

आवाज आलाच. ठकीने हात काढला, पुन्हा ठेवला. आईच्या मागे जाऊन पाहिलं, खुर्चीखाली वाकून पाहिलं. परत येऊन पुन्हा तोंडावर हात ठेवला. आणि त्या हाताआडून आईला बोलणं सुटलं. सकाळी किती सदरे झाले, कुणाची कॉलर जळता जळता वाचली, शेजारणीने काय विचारलं, पाणी किती वाजता आलं. ती थांबेना. तिच्या डोळ्यांतून पाणी ठकीच्या बोटांवर येत होतं आणि ती इस्त्रीचे हिशेब सांगत होती. बाहेर पुढचा माणूस खोळंबला होता. तपासनीस बाईंनी त्याला हात करून थांबवलं. मी अर्धा तास एक शब्द बोलले नाही. आमच्या घरात यावर अजून कुणाचा विश्वास नाही.

शेवटी आई दमून गप्प झाली. ठकीने हात काढला. तो आपल्या तोंडावर ठेवला.

"काय बोलू?" ती म्हणाली.

आणि दचकून मागे वळली, कोण बोललं ते बघायला.